कॅप्टन काटकसर यांचं तेरावं

माझे सासरे सुपरहिरो होते, ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हती. माहीत असती तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं. (तसंही फारसं घेत नव्हते.)

त्यांना सगळे नाना म्हणत. डोंबिवली पूर्वेला एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते राहायचे आणि त्या इमारतीचे कायमचे सेक्रेटरी होते. कायमचे अशासाठी, की दुसरं कोणी उभंच राहत नसे. नानांच्या आयुष्याचं ध्येय एकच होतं: ज्या खोलीत माणूस नाही त्या खोलीत दिवा नको. ज्या खोलीत माणूस आहे, पण नुसताच बसलाय, तिथे तरी कशाला, असंही त्यांचं एक मत होतं. संध्याकाळी ते खांद्यावर पंचा टाकून जिना उतरायला लागायचे आणि उतरता उतरता एकेका मजल्याचा दिवा बंद करत जायचे. मागून येणारे लोक ठेचकाळत यायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना काळा चष्मा दिला. डोळे बरे झाले तरी तो त्यांनी सोडला नाही, कारण विकत घेतलेली वस्तू. त्या चष्म्यातून त्यांना जिना दिसायचा नाही, पण जळणारा दिवा दोन इमारती पलीकडचाही दिसायचा.

मी ठाण्याला राहतो आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यासाठी लेबलं डिझाइन करतो. फिनेल, गरम मसाला, अगरबत्ती, पापड. त्यामुळे मी स्वतःला चित्रकार समजतो आणि नाना मला 'स्टिकरवाले' म्हणायचे. लहानपणापासून मला परदेशी सुपरहिरो कॉमिक्सचं वेड. चाळिशी आली, केस गेले, वेड काही गेलं नाही. इंटरनेटवर माझ्यासारखे रिकामटेकडे पुष्कळ आहेत. आपल्याच लाडक्या हिरोंची टिंगल करणारी कॉमिक्स ते घरी बसून काढतात आणि फुकट टाकतात. मीही टोपणनावाने एक सुरू केलं. हिरोचं नाव कॅप्टन काटकसर. जग वाचवणारे हिरो ढिगाने आहेत, माझा हिरो वीज वाचवायचा.

खांद्यावर पंचा, तीच त्याची केप. डोळ्यांवर काळा चष्मा, तोच मुखवटा. बनियनवर, छातीच्या मधोमध, बंद केलेल्या बटणाचं चिन्ह. तो उडत नसे, कारण उडण्यात शक्ती वाया जाते. जिन्याने जायचा. परग्रहावरचे लोक पृथ्वीवर चाल करून आले, तेव्हा त्यांच्या यानाचे दिवे भरदुपारी चालू आहेत हे बघून कॅप्टन संतापला, वर गेला आणि यानाचा मेन स्विच पाडून आला. यान पडलं ते पडलंच. कॅप्टनचा मोठा शत्रू गीझरासुर, पण सगळ्या संकटांचं मूळ म्हणजे कॅप्टनचा जावई. तो दर भागात कुठला ना कुठला दिवा चालू ठेवून निघून जायचा आणि तिथून अनर्थ सुरू व्हायचा. (या जावयाला मी भरघोस केस दिले होते. लेखकाला एवढी सूट असते.) आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कॅप्टन कमरेवर हात ठेवून एकच प्रश्न विचारायचा: "हा दिवा कोणी चालू ठेवलाय?"

लोकांना ते आवडलं. मला ओळखदेख नसलेली काही हजार माणसं दर रविवारी माझ्या सासऱ्यांना हसत होती. माझ्या बायकोला, वृंदाला, यातलं अक्षर माहीत नव्हतं. लपवायला कारण होतं. लग्न ठरलं तेव्हा आम्ही दोघं तलावपाळीवर भेळ खात बसलो होतो. हातातली भेळ तशीच ठेवून ती म्हणाली, "एक सांगू? नानांना सगळे हसतात. शाळेत मुलं मला मीटरची मुलगी म्हणायची. बाहेरचे हसले तर मी काही करू शकत नाही. तू हसू नकोस."

मी नाही हसणार म्हणालो. मी हसत नव्हतोच. मी फक्त काढत होतो.

नाना जानेवारीत गेले, पहाटे, झोपेतच. माझ्या सासूबाई, माई, येईल त्याला एकच सांगत होत्या. "मी नेहमीसारखी उठले. स्वयंपाकघरात दिवा लावला, आधण ठेवलं, देवापाशी गेले. परत येऊन बघते तर दिवा चालूच. कोणी बंद केला नव्हता. तेव्हाच मला कळलं." हे सांगताना त्या रडत नव्हत्या. ऐकणाऱ्यांना मात्र कुठे बघावं कळत नव्हतं.

हॉलमध्ये नानांना जिथे ठेवलं होतं त्या जागी पिठावर दिवा लावला. आमच्याकडे तो तेराव्यापर्यंत अखंड ठेवतात. माई त्याला तेल घालत बसून असायच्या. एकदा मला म्हणाल्या, "प्रसादराव, या घरात आजवर रात्रभर दिवा कधी जळला नाही. आता जळतोय, तर बंद करायला माणूस नाही." मी तेलाची बाटली त्यांच्याजवळ सरकवली.

घरातले सगळे सुतकात. जावयाला मात्र सासरचं सुतक नसतं. शास्त्राने ही सोय कशासाठी केली आहे ते मला त्या दिवसांत कळलं. बाहेरची सगळी कामं त्या एका बिनसुतकी माणसावर पडतात. गुरुजी बोलवा, केळीची पानं आणा, आचाऱ्याला गाठा. त्यातच नवव्या दिवशी माझा मेहुणा मिलिंद म्हणाला, "भावोजी, तेराव्याचा फ्लेक्स लावायला हवा नाक्यावर."

"नानांना फ्लेक्स आवडायचे नाहीत," वृंदा म्हणाली. "त्यावर रात्रभर हॅलोजन जळतो म्हणून ते महापालिकेत जाऊन भांडलेले."

"ताई, या नाक्यावर कोणाचा कुत्रा एक वर्षाचा झाला तरी फ्लेक्स लागतो. आणि चाळीस वर्षं इथे काढलेल्या माणसाचा नको? लोक काय म्हणतील, मुलाने एक फोटोसुद्धा लावला नाही?" मिलिंदचा आवाज फाटला. भावोजी डिझायनर आहेत, ते करतील, असं आपोआप ठरलं.

आता फोटो शोधायला बसलो, तर नानांचा एकही फोटो धड नव्हता. म्हणजे फोटो पुष्कळ होते. पण प्रत्येक फोटोत नाना वर बघत होते. मुंजीत वर, बारशात वर, आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तर पानोपानी वर. नातेवाइकांना वाटायचं, काय भाविक माणूस, सदा आकाशाकडे डोळे. ते हॉलमधले चालू दिवे मोजत असायचे. सरळ समोर बघणारा त्यांचा फोटो जगात एकच होता आणि तो माझ्याकडे होता. एकदा मी बाथरूमचा दिवा चालू ठेवून बाहेर आलो, तेव्हा नानांनी चष्मा काढून माझ्याकडे जे पाहिलं ते मी चोरून मोबाइलमध्ये टिपलं होतं. त्याच फोटोवरून कॅप्टन काटकसर जन्माला आला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात बसून मी ती फाईल उघडली. खाली नानांचा फोटो, त्याच्यावर एकेका थरात मी काढलेला पंचा, चष्मा, बटण आणि तो प्रश्न. चित्राच्या फाईलमध्ये असे थर असतात. नको असेल तो थर डोळा मिटल्यासारखा बंद करता येतो. मी सगळे थर बंद केले. खाली नाना राहिले, नुसते, रागावलेले. मी राग जरा कमी केला, हार घातला, काळी चौकट केली, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं आणि फाईल नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्या दत्तूशेठना पाठवून दिली.

इथे आमच्या कारखान्याची एक पद्धत सांगायला हवी. आम्ही छापखान्याला फाईल नेहमी उघडीच पाठवतो, सगळ्या थरांसकट. कारण शेवटच्या क्षणी मालकांचा फोन येतो, 'मिरची जरा लाल करा'. वर्षानुवर्षं हाताला लागलेली सवय. माझ्या हाताने त्याही दिवशी तेच केलं, मला विचारलंसुद्धा नाही.

बाराव्या दिवशी सकाळी नानांची बहीण, आंबिवलीची आत्या, आली. आत्याचं वय सत्तरच्या पुढचं. चपला काढता काढता दारातच बसली.

"वहिनी, नाक्यावर नाना उभा आहे."

माई म्हणाल्या, "फोटो लावलाय हो त्यांचा."

"फोटो नाही गं. त्याला झूल घातल्येय. डोळ्यांना काहीतरी बांधलंय. आणि तो बोलतोय."

"काय बोलतोय?"

"ते मला चष्म्याशिवाय दिसलं नाही."

मला दिसलं. तिथे न जाताच दिसलं. मी जिना उतरत सुटलो. (अंधारात. दिवसासुद्धा त्या जिन्यात काही दिसत नाही.)

नाक्यावर दहा फुटी नाना उभे होते. खांद्यावर वाऱ्याने फुगलेला पंचा. काळा चष्मा. छातीवर बंद बटण. गळ्यात हार. डोक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि तोंडातून निघालेला मोठा पांढरा फुगा: "हा दिवा कोणी चालू ठेवलाय?" खाली बारीक अक्षरांत, शोकाकुल, समस्त परिवार.

दत्तूशेठ दुकानाच्या पायरीवर चहा पीत होते. इथल्याच जुन्या गावातला माणूस. गावाचं शहर झालं तरी बोली सोडलेली नाही.

"शेठ, हे काय छापलंत?"

"काय झाला? रंग फाटला का?"

"हा चष्मा, हा पंचा, हे बोलणं. हे कुठून आलं?"

"तुमचेच फायलीन होता ना. अर्धा बंद होता. मी बोललो, जावय दुखान हाय, इसरला असंल. मानसाचा शेवटचा काम, त्यान काय कमी नको. मी सगला चालू करून दिला." ते थांबले. "मस्त झालाय पन. नानाशेठ जिते वाटतात."

"उतरवा आधी."

"शिडीवाला कल्यानला गेलाय. कोना साहेबाचा वाढदिवस हाय. उद्या येल."

तोवर मिलिंद येऊन पोचला. त्याने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत वर पाहिलं. मग घरी जाऊन चादर घेऊन आला. शेजारच्या मेडिकलवाल्याचं स्टूल, त्यावर मिलिंद, स्टूल धरायला मी. नानांचा चेहरा झाकायचा बेत होता. हात पुरला नाही म्हणून त्याने चादर वर फेकली. ती एका कोपऱ्याला अडकली आणि वाऱ्याने तिरकी होऊन बरोब्बर 'भावपूर्ण श्रद्धांजली'वर जाऊन बसली. आता खाली फक्त कॅप्टन काटकसर उरले. आतापर्यंत निदान कोणीतरी वारलंय एवढं तरी कळत होतं. आता सिनेमाची जाहिरात दिसायला लागली.

कॉलेजची दोन पोरं मोबाइल काढून उभी राहिली. एकाने मला विचारलं, "काका, कॅप्टनचा नवीन सीझन येतोय काय? इधर प्रमोशन कसं काय?"

"प्रमोशन नाही," मी म्हणालो. "हे गृहस्थ गेले. आमच्या घरचे होते."

पोराने मोबाइल खाली घेतला. "म्हणजे असा माणूस खरंच होता?"

"होता."

"आणि तो जावई? तो पण खरा आहे?"

मी स्टूल घट्ट धरलं. माझ्या डोक्याकडे बघून त्याला ओळख पटणं शक्यच नव्हतं.

"तो जावई कोण आहे ते मला पण कळू दे," मागून आवाज आला. वृंदा उभी होती. गेले बारा दिवस ती घराबाहेर पडली नव्हती. केस कसेतरी बांधलेले, पायात मिलिंदच्या चपला.

पोरं मोठी सालस. त्यांनी तिला मोबाइलवर सगळं दाखवलं. ती उभ्या उभ्या एक भाग वाचून गेली, मग दुसरा. मी स्टूल धरून उभा होतो. मिलिंद केव्हाच उतरला होता, पण मी स्टूल सोडलं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाली काही वर्षं."

"लोक हसतात?"

"हो. पण खरं सांगू, जास्त करून जावयालाच हसतात."

"तलावपाळीवर तू मला काय म्हणाला होतास?"

मला ते शब्दन् शब्द आठवत होतं. तिने फ्लेक्सकडे पाहिलं. "जन्मभर या नाक्यावरून मी मान खाली घालून गेले. वाटलं होतं, आता तरी त्यांना कोणी हसणार नाही," एवढं म्हणून ती वळली आणि घरी गेली. पोरांच्या हातात मोबाइल तसाच उजळत राहिला.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. सुतकाच्या घरात नवराबायको बोलत नाहीत हे कोणाच्या लक्षात येत नाही, एवढी एक सोय असते. मी केळीची पानं पुसत बसलो. आतापर्यंत मला वाटत होतं, फार तर भांडण होईल. पण ती भांडतच नव्हती. ती माझ्या अंगावरून अशी जात होती, की तिथे एखादं कपाट ठेवलेलं असावं. मला खरोखर भीती वाटली.

संध्याकाळी दिवेलागणीला नाक्यावरचा हॅलोजन लागला. आमच्या गॅलरीतून तो थेट दिसतो. दहा फुटी नाना उजळून निघाले आणि सगळ्या डोंबिवलीला विचारायला लागले, हा दिवा कोणी चालू ठेवलाय. वृंदाने गॅलरीचं दार लावून घेतलं. थोड्या वेळाने मिलिंद खिडकीतून बघून म्हणाला, "भावोजी, हॅलोजन गेला वाटतं."

तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत दत्तूशेठच वर आले. दारातच उभे राहिले, आत येईनात.

"त्यो लाईट मी बंद केला बरा का. सांगाया आलो."

"का हो?" मिलिंदने विचारलं.

"पोरा आली सात-आठ जना. बोलली, शेठ, कॅप्टन इचारतोय आनि तुमी लाईट चालू ठेवता? मना पन बरोबर वाटला. मानूस जाऊन बारा दिस नाय झाला, नि त्याचेच तोंडावर लाईट." त्यांनी माईंकडे पाहून हात जोडले. "नानाशेठ माझे दुकानाची पाटी पन बंद करून जायचे. लय राग यायचा मना."

माई दिव्यात तेल घालत होत्या. तेलाची वाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कोण विचारतोय? काय विचारतोय?"

माईंना यातलं कोणी काही सांगितलंच नव्हतं. दत्तूशेठ माझ्याकडे बघायला लागले, मिलिंद माझ्याकडे बघायला लागला, आत्या तर सकाळपासूनच बघत होती.

"प्रसादराव, मला दाखवा काय ते," माई म्हणाल्या.

मग मी वाचून दाखवलं. दिव्याशेजारी सतरंजीवर बसून, मोबाइल माईंच्या डोळ्यांपुढे धरून, सगळे भाग, पहिल्यापासून. मृताच्या घरी गरुडपुराण वाचतात, आम्ही कॅप्टन काटकसर वाचला. परग्रहवासी आले, गीझरासुर आला. कोणी हसत नव्हतं. स्वतःचा विनोद स्वतः वाचावा आणि समोर कोणी हसू नये, याहून मोठी शिक्षा मला माहीत नाही. वृंदा स्वयंपाकघरात होती. तिथून भांड्याचाही आवाज येत नव्हता.

मधेच माईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा देखणा मुलगा कोण?"

"जावई."

"कोणाचा?"

"कॅप्टनचा. म्हणजे तुमचा. म्हणजे मी."

माईंनी मोबाइलवर पाहिलं. मग माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग परत मोबाइलवर पाहिलं. आत्याने पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती रडतेय; ती हसत होती.

"आणि हे असं बोलायचे नाहीत," माई म्हणाल्या. "'कोणी चालू ठेवलाय' असं मिळमिळीत कधी बोलले नाहीत. 'कोणत्या महाराजांनी चालू ठेवलाय' म्हणायचे. आणि पंचा डाव्या खांद्यावर. तुम्ही उजव्या काढलाय. उजव्या खांद्यावर कधी टाकला नाही त्यांनी."

असं करत करत लग्नाचा भाग आला. तो माझा सर्वांत गाजलेला भाग. कॅप्टनच्या मुलीचं लग्न, पाठवणीची वेळ, सगळे भावुक, आणि कॅप्टन मांडवातले सगळे हॅलोजन धडाधड बंद करतो. अंधारात वऱ्हाडी एकमेकांवर आपटतात, करवली भलत्याच गाडीत बसते, जावई भलत्याच बाईचा हात धरून निघतो. हे आमच्या लग्नात खरंच घडलं होतं. (माझा हात एका लांबच्या मावशींनी सोडवून घेतला.) हा भाग टाकला तेव्हा लोक पोट धरून हसले होते.

"ते तसं नव्हतं झालं."

वृंदा दारात उभी होती. हात ओले.

"पाठवणीला मी रडायला लागले. व्हिडिओवाला लाईट घेऊन माझ्या तोंडाशी आला. सगळे बघत होते. नाना जवळ आले आणि माझ्या कानात म्हणाले, 'लोक बघतायत. बंद करू का?' मी हो म्हणाले. म्हणून त्यांनी बंद केले." ती पदराला हात पुसत राहिली. "सगळे म्हणाले, बघा म्हाताऱ्याने मुलीच्या लग्नातही वीज वाचवली. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. मी पण नाही सांगितलं. तुला पण नाही."

मी मोबाइल खाली ठेवला. लग्नाच्या अल्बममधले ते वर बघणारे नाना मला आठवले. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्या माणसाला पाठ केलंय. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला तोंडाने माफी मागता येत नाही, हात आपोआप काहीतरी करायला शोधतात. मी वातीची काजळी झाडायला गेलो तर माईंनी माझा हात धरला.

"असू द्या," त्या म्हणाल्या. आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या रडायला लागल्या. वृंदा त्यांच्याजवळ येऊन बसली. मिलिंद उठला आणि त्याने हॉलचा दिवा बंद केला. पिठावरचा तेवढा उरला.

मग अंधारातून वृंदाचा आवाज आला. "तो भाग बदल."

"बदलतो."

"खरं झालं तसं काढ. आणि बंद नको करूस ते. त्यांना उगाच मारून टाकू नकोस त्यात."

"नाही."

"आणि जावयाला टक्कल काढ."

तेरावं पार पडलं. गुरुजी जेवून गेले, पाहुणे पांगले, शिडीवाला आला आणि फ्लेक्स उतरला. दत्तूशेठनी तो स्वतः गुंडाळून वर आणून दिला. संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही घरचेच उरलो आणि तो दिवा. आता त्याला निरोप द्यायचा होता. माई त्याच्यासमोर कितीतरी वेळ बसल्या. मग मला म्हणाल्या, "प्रसादराव, माझ्याच्याने होत नाही. तुम्ही मालवा. ते असते तर म्हणाले असते, जन्मभर चालू ठेवलेत, एक तरी बंद करा."

मी पुढे झालो. असा दिवा फुलाने मालवतात, म्हणून हातात फूल घेतलं, वाकलो. त्या घरातल्या कुठल्याही दिव्याजवळ मी बंद करायच्या हेतूने गेलो, अशी ती पहिलीच वेळ. ज्योत नाकासमोर हलत होती. मागे सगळे उभे होते. मला वाटलं, आता कोणीतरी ओरडेल आणि मग माझ्या हातून होईल. कोणी ओरडलं नाही. मी तसाच मागे सरलो आणि फूल खाली ठेवलं. तेल संपेपर्यंत तो जळला.

नानांच्या घरात मी चालू ठेवलेला तो शेवटचा दिवा. पुढच्या रविवारी कॅप्टन काटकसर, डाव्या खांद्यावर पंचा टाकून, त्या दिव्यासमोर येऊन उभे राहिले आणि एका टकल्या जावयाला सगळ्या जगादेखत ताडताड बोलले. जिवंतपणी ते मला महिन्यातून एखाद्या वेळी ओरडायचे. आता दर आठवड्याला ओरडतात. संवाद मीच लिहितो, आणि ते फार सौम्य झालेत म्हणून माई त्यांत भर घालून देतात.